बंडखोरांच्या हाती परकी बंदूक येते कशी?

बातम्यांत एक वाक्य आपल्या कानावर सारखं पडतं: अमुक देशातल्या बंडखोरांना तमुक देश शस्त्रं पुरवतो. सीरिया, लिबिया, येमेन, सुदान. साखरशेतसारख्या गावात बसून ही नावं ऐकताना सगळं फार लांबचं वाटतं. शिवाय व्यवहार प्रत्यक्षात चालतो कसा, हे बातमी सांगत नाही. आधी कोण कोणाच्या दारात जातं, मोबदला काय ठरतो, तोफा पोचतात कशा आणि शेवटी कोणाच्या पदरात काय पडतं, हे सगळं गुलदस्त्यातच राहतं.

या व्यवहाराचं एक अगदी पूर्ण उदाहरण आपल्या जवळच घडलेलं आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा जव्हार-मोखाड्याबरोबर वसईही त्यात आली. या वसईसाठी आणि शेजारच्या साष्टी बेटासाठी ईस्ट इंडिया कंपनीने मराठी राज्यातल्या भांडणात एका पक्षाला फौज आणि तोफा पुरवल्या. त्याचे करार, रकमा, तारखा आज उपलब्ध आहेत. आजच्या छुप्या व्यवहारांचे कागद इतके स्वच्छ मिळत नाहीत. म्हणून आपण हेच उदाहरण घेऊन एकेक पायरी पाहू.

आधी दोन शब्द समजून घेऊ. यादवी म्हणजे एकाच राज्यातल्या दोन पक्षांनी सत्तेसाठी एकमेकांवर शस्त्र उपसणं. त्यातल्या एका पक्षाला बाहेरचा देश पैसा, शस्त्रं, प्रशिक्षण देतो आणि स्वतः उघडपणे लढाईत उतरत नाही, तेव्हा त्याला प्रॉक्सी वॉर म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या हातून लढलेलं युद्ध. अठराव्या शतकात नुसत्या बंदुका देऊन भागत नसे. कंपनी शिपाई, तोफा आणि अधिकारी अशी तयार फौजच भाड्याने देई. व्यवहाराचा सांगाडा मात्र आजच्यासारखाच होता.

पहिली पायरी म्हणजे घरातली फूट. बाहेरच्याला ती निर्माण करावी लागत नाही, बहुतेक वेळा ती आयतीच मिळते. नोव्हेंबर १७७२ मध्ये थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले आणि धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. संशयाचं बोट काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांच्याकडे गेलं. ते पेशवे झाले खरे, पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी धरलं. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे अशा कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध एकजूट केली. हेच बारभाई. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर त्यांना मुलगा झाला, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. आता राघोबादादा बंडखोर ठरले.

इथे थोडं थांबायला हवं. राघोबादादा कुणी किरकोळ माणूस नव्हते. १७५८ मध्ये मराठी फौजा त्यांच्या नेतृत्वाखाली लाहोरच्या पुढे अटकेपर्यंत गेल्या होत्या. शाळेत आपण त्यांना फक्त खलनायक म्हणून शिकतो, त्यामुळे त्यांची गोष्ट कशी घडली हे पाहायचं राहून जातं. परक्यांकडे मदत मागायला जाणारा माणूस बहुधा दुबळा नसतो. काल बलवान असलेला आणि आज हरत चाललेला, असा तो असतो.

दुसरी पायरी आश्रयाची. बारभाईंच्या फौजा मागे लागल्या, तसे राघोबादादा उत्तरेकडे आणि मग गुजरातेत सरकले. सुरतेत कंपनीची वखार होती, मुंबईत तिचं सरकार होतं. बोलणी सुरू झाली. मुंबईचे गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांनी साष्टी आणि वसई मागितली. राघोबादादांनी आधी नकार दिला. वसई त्यांच्या चुलत्यांनी, चिमाजी आप्पांनी, १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून भयंकर रक्त सांडून घेतली होती. दुसरा मुलूख घ्या, हा नको, असं त्यांचं म्हणणं होतं. या नकाराबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण तो टिकला नाही.

तिसरी पायरी म्हणजे पुरवठादाराचा स्वतःचा हिशोब. आपल्या भागात गरजवंताला खावटी देताना सावकाराची नजर त्याच्या भुकेवर नसे, त्याच्या जमिनीवर असे. कंपनीचंही तसंच होतं. मुंबई बेट लहान. धान्य बाहेरून आणावं लागे आणि जहाजांसाठी इमारती लाकूडही. साष्टीत भात पिके. वसईच्या बंदराला आतल्या जंगलांतून सागवान येई. साष्टी आणि वसई हातात असली की मुंबईचं बंदरही सुरक्षित. पेशवा कोण व्हावा, हा कंपनीच्या दृष्टीने नंतरचा प्रश्न होता.

याचा पुरावा तारखांतच आहे, आणि बहुतेक वाचकांच्या नजरेतून तो निसटतो. पोर्तुगीज आपली जुनी वसई परत घ्यायला आरमार आणताहेत अशी बातमी आली आणि मुंबईकर घाबरले. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस त्यांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला करून तो घेतला. आतल्या शिबंदीतली बहुतेक माणसं मारली गेली. पाठोपाठ सगळी साष्टी त्यांच्या ताब्यात गेली. राघोबादादांशी करार झाला मार्च १७७५ मध्ये. मोबदला आधी उचलला गेला, मदत नंतर ठरली.

चौथी पायरी म्हणजे करार. फेब्रुवारी १७७५ मध्ये गुजरातेत आणंदजवळ अडास इथे हरिपंत फडक्यांनी राघोबादादांचा पराभव केला. ते खंबायतेकडे पळाले आणि तिथून समुद्रमार्गे सुरतेला पोचले. आता घासाघीस करण्याची ताकद उरली नव्हती. सुरतेच्या तहात कंपनीने अडीच हजार माणसं द्यायची ठरली, त्यांत निदान सातशे गोरे सैनिक, आणि सोबत तोफखाना. राघोबादादांनी दरमहा दीड लाख रुपये खर्च द्यायचा. साष्टी, वसई आणि लगतची बेटं कायमची द्यायची. वर सुरत-भरूचकडच्या उत्पन्नातला वाटा.

त्यातलं एक कलम जवळून पाहण्यासारखं आहे. खर्चाची हमी म्हणून राघोबादादांनी सहा लाखांचं जडजवाहीर कंपनीकडे तारण ठेवलं. अटकेपर्यंत घोडी नेलेल्या माणसाने घरातले दागिने गहाण टाकून आपल्याच राज्याविरुद्ध फौज भाड्याने घेतली. आपण बातमीत 'मदत' हा शब्द ऐकतो, तेव्हा त्यामागे असं एखादं कलम असू शकतं हे लक्षात ठेवावं. तारण दर वेळी दागिन्यांचंच असेल असं नाही. खाणी असतात, बंदरं असतात, लष्करी तळ असतात, तेल असतं.

पाचवी पायरी पोचवण्याची. कर्नल कीटिंग यांच्या हाताखालची फौज जहाजांनी खंबायतेला उतरली आणि राघोबादादांच्या लोकांना मिळाली. शस्त्रांबरोबर ती चालवणारा, शिकवणारा आणि हिशोब ठेवणारा माणूसही येतो, आणि निर्णय हळूहळू त्याच्या हाती जातात. विसाव्या शतकात हे काम अधिक आडपडद्याने होऊ लागलं. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेने तिथल्या मुजाहिदीनांना मदत दिली, पण ती पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तहेर संस्थेमार्फत. सुरुवातीला मुद्दाम सोव्हिएत बनावटीच्या नमुन्याची शस्त्रं चीन आणि इजिप्तमधून घेतली जात, म्हणजे ती कुठून आली हे सांगता येऊ नये. १९८६ पासून खांद्यावरून डागायची अमेरिकन स्टिंगर क्षेपणास्त्रं दिसू लागली आणि मग लपवण्यासारखं काही राहिलं नाही. कोणत्या गटाला किती द्यायचं हे आयएसआय ठरवी. पैसा एकाचा, निवड दुसऱ्याची, मरणारे तिसरेच.

सहावी पायरी लढाईची. १८ मे १७७५ ला त्याच अडासच्या मैदानावर कीटिंग आणि हरिपंत समोरासमोर आले. मैदान कंपनीने राखलं, पण तिचे बरेच अधिकारी आणि सैनिक पडले. पुण्याची गादी जिथल्या तिथेच होती. मदत घेणाऱ्यांचा अंदाज इथेच पहिल्यांदा चुकतो. परकी शस्त्रं आली की लढाई लवकर संपेल असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात हरणारा पक्ष हरेनासा होतो आणि लढाई लांबते. राघोबादादांना फौज मिळाली नसती तर हा तंटा बहुधा १७७५ मध्येच मिटला असता. तो १७८२ पर्यंत चालला.

सातवी पायरी सगळ्यात गोंधळाची. पुरवठादार एक नसतो, त्याच्या घरातही दोन तोंडं असतात. १७७३ च्या ब्रिटिश कायद्याने मुंबईवर कलकत्त्याच्या कौन्सिलची देखरेख आली होती. वॉरन हेस्टिंग्ज तिथे गव्हर्नर जनरल होते. मुंबईने न विचारता युद्ध सुरू केलं म्हणून कलकत्ता संतापलं. त्याने कर्नल अप्टन यांना पुण्याला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. सुरतेचा तह रद्द, राघोबादादांनी पेन्शन घेऊन कोपरगावला राहायचं, असं ठरलं. साष्टी मात्र कंपनीकडेच राहिली. तरीही मुंबईने राघोबादादांना सोडलं नाही, उलट मुंबईत आणून ठेवलं. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी तर सुरतेच्या तहालाच पसंती कळवली. पुण्याने कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?

दोनशे वर्षांनी हीच गोष्ट वॉशिंग्टनमध्ये झाली. निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांना लष्करी मदत देण्यावर अमेरिकेच्या संसदेने १९८४ मध्ये बंदी घातली. सरकारातल्या काही अधिकाऱ्यांनी इराणला गुपचूप शस्त्रं विकली आणि त्यातला पैसा कॉन्ट्रांकडे वळवला. १९८६ मध्ये ते उघडकीला आलं. एखादा देश 'आम्ही मदत थांबवली' म्हणतो, तेव्हा त्या देशातलं नेमकं कोण बोलतंय, हे विचारावं.

आठव्या पायरीवर दुसरा पुरवठादार उगवतो. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला आणि नाना फडणीसांनी त्याचं मोठं स्वागत केलं. फ्रेंच फौज येणार अशा वार्ता उठल्या. त्यातून फारसं काही निघालं नाही, पण इंग्रजांना भीती बसली आणि युद्धाची बाजू घेणाऱ्यांना कारण मिळालं. एका बाजूला परकी हात आला की दुसरी बाजूही परकी हात शोधते. नानांच्या जागी कोणीही असता तरी हेच केलं असतं असं मला वाटतं, पण घरचं भांडण अशा वेळी घरच्यांच्या हातात राहत नाही.

आता वडगावची गोष्ट. इथे थोडा वेळ देऊ, कारण या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोठा गैरसमज इथे उघडा पडला. नोव्हेंबर १७७८ मध्ये कर्नल एगर्टन यांच्या हाताखाली सुमारे ३,९०० माणसांची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईहून निघाली. सोबत सामान ओढणारे हजारो बैल. बोरघाट चढून पुढे सरकायला आठवड्यांमागून आठवडे गेले. गणित असं होतं की राघोबादादा दिसताच सरदार आणि रयत त्यांच्याकडे धावतील. कोणीच आलं नाही. परक्या फौजेच्या मधोमध चालणारा पेशवा लोकांना आपला वाटला नाही.

मराठी फौजांनी समोरासमोर लढण्याऐवजी वाट उजाड केली. चारा, धान्य नाहीसं केलं. ९ जानेवारी १७७९ ला इंग्रज तळेगावला पोचले, तर गाव जळत होतं. त्याआधी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट ठार झाला होता. त्याच्या शौर्यावर मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' हे नाव दिलं, आणि मावळात ते अजून लोकांच्या तोंडी आहे. पुणं हाकेच्या अंतरावर असताना ११ जानेवारीच्या रात्री माघारीचा निर्णय झाला. जड तोफा तिथल्या तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि अंधारात फौज गुपचूप परत निघाली. पहाटेच्या आधीच सरदार महादजी शिंद्यांच्या आणि इतरांच्या फौजांनी तिला घेरलं. वडगावला कशीबशी पोचलेली ती फौज तहाला कबूल झाली. १७७३ पासून घेतलेला सगळा मुलूख परत, राघोबादादा मराठ्यांच्या हवाली आणि दोन इंग्रज ओलीस, म्हणजे करार पाळला जाईपर्यंत हमी म्हणून ताब्यात ठेवलेली माणसं.

राघोबादादांना शिंद्यांच्या स्वाधीन केलं गेलं ते ज्यांच्याकडे त्यांनी दागिने गहाण टाकले त्यांच्याकडूनच. पुरवठादार अडचणीत आला की पहिला सौदा आश्रिताचा होतो. पुढे मुंबई आणि कलकत्त्याने हा तह मानलाच नाही. उत्तरेकडे नेताना राघोबादादा निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडे सुरतेला गेले. दुसरं दार उरलं नव्हतं.

यानंतर लढाई उघडपणे कंपनी आणि मराठे यांच्यात झाली, आणि ती आपल्या भागात आली. कंपनीच्या जनरल गॉडर्ड यांनी वसईला वेढा दिला. ११ डिसेंबर १७८० ला किल्ला पडला. दुसऱ्याच दिवशी वज्रेश्वरीजवळ दुगाडला सरदार रामचंद्र गणेश लढता लढता मारले गेले. वाड्याकडून भिवंडीला जाताना आपण या परिसराजवळून जातो. 

नववी पायरी हिशोब मिटवण्याची. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांना परत मिळाली. राघोबादादांना महिना २५ हजार रुपये पेन्शन, आणि कंपनीने त्यांना पुन्हा मदत करायची नाही. साष्टी कंपनीची. ज्यासाठी सगळं सुरू झालं म्हणून सांगितलं गेलं, ती पेशवाई या हिशोबातून गळली. राघोबादादा कोपरगावकडे राहायला गेले आणि डिसेंबर १७८३ मध्ये वारले.

व्यवहार इथे थांबला नाही. राघोबादादांचा मुलगा दुसरा बाजीराव पुढे पेशवा झाला. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेला हरवलं, आणि बाजीराव कोकणात उतरून इंग्रजांच्या आश्रयाला वसईत आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. त्याने तैनाती फौज स्वीकारली, म्हणजे कंपनीची फौज आपल्या राज्यात ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख द्यायचा आणि परराष्ट्रांशी कंपनीला विचारल्याशिवाय व्यवहार करायचा नाही. मे १८०३ मध्ये कंपनीच्या बंदोबस्तात तो पुण्यात परतला. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

हे फक्त गोऱ्यांनीच केलं असं आपण समजू नये. १९८३ नंतर श्रीलंकेतल्या तमिळ गटांना भारतात प्रशिक्षण आणि शस्त्रं मिळाली. तिथल्या तमिळांवर झालेला अन्याय खरा होता आणि आपल्याकडची सहानुभूतीही खरी होती. पण जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना म्हणून गेलेल्या आपल्या जवानांना त्यातल्याच एलटीटीई या गटाशी लढावं लागलं. ११०० हून अधिक जवान परतले नाहीत. मार्च १९९० मध्ये फौज मागे आली, आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईने राजीव गांधींची हत्या केली. दिलेली बंदूक परत मागता येत नाही आणि ती कोणाकडे वळेल हेही देणाऱ्याच्या हातात राहत नाही.

कायदा काय म्हणतो, हेही थोडक्यात पाहू. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध केलेल्या तक्रारीवर २७ जून १९८६ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला. दुसऱ्या देशातल्या बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं म्हणजे त्या देशाविरुद्ध बळाचा वापर. नुसता पैसा देणं तितकं नाही, पण तीही बेकायदा ढवळाढवळ. मात्र बंडखोरांनी केलेल्या प्रत्येक अत्याचाराची जबाबदारी अमेरिकेवर टाकता आली नाही, कारण त्यांच्या कारवायांवर तिचा प्रत्यक्ष ताबा होता हे सिद्ध झालं नाही. ही फट आजही पुरवठादारांच्या उपयोगी पडते. अमेरिकेने तो निकाल मानला नाही.

आता पुढच्या वेळी अशी बातमी ऐकाल तेव्हा आपण तीन गोष्टी शोधा. पुरवठादाराला कोणती जमीन, बंदर किंवा खाण हवी आहे. शस्त्रं कोणाच्या हातून जात आहेत. आणि ज्याला गादीवर बसवायचं म्हणतात, त्याच्यामागे त्याचे स्वतःचे लोक किती आहेत. पहिल्या बातमीत उत्तरं मिळणार नाहीत. महिनाभर बातम्या जोडून वाचल्या तर बरीचशी मिळतात.

आणि जव्हार-मोखाड्यातल्या शिक्षकांना एक विनंती. शाळेची सहल वसईच्या किल्ल्यात नेता तेव्हा मुलांना चिमाजी आप्पांचा १७३९ चा विजय आपण सांगताच. १७७५ चा सुरतेचा तह आणि १८०२ चा वसईचा तहही सांगा. पहिल्या तहावर राघोबादादांनी सही केली, दुसऱ्यावर त्यांच्या मुलाने.